कात पाडणारे कातकरी

ठाणे-रायगडपासून दक्षिणेला संगमेश्वरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या विखुरल्या आहेत. खैर तोडायचा, गाभ्याचे ढलपे मडक्यांत तासन्‌तास उकळायचे, रस आटवून कात पाडायचा, हा त्यांचा हंगामी धंदा होता. एरवी नाचणी-वरीची दळी म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, मध, मासे, खेकडे. १८७८च्या वनकायद्याने कुऱ्हाड आणि दळी, दोन्हींवर बंधने आली.   पुढे कोळसाभट्ट्या, मग वीटभट्ट्या आणि उचल घेतल्यावर न फिटणारे कर्ज. कात मात्र संगमेश्वरशेजारच्या सावर्ड्यात आजही होतो, कारखान्यांत. केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.