चाकांवरील घराचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे देवळें, घाट आणि तळीं यांच्यापुरताच उरला आहे. शब्दाची फोड केली म्हणजे मात्र त्याची व्याप्ति अधिक दिसते. ‘हृ’ धातूस ‘उद्’ हा उपसर्ग लागून ‘उद्धार’ होतो; अर्थ, वर काढणें. जीर्ण वस्तूंत जें टिकाऊ आहे तें वर काढावयाचें व जें कुजलें आहे तें टाकावयाचें, असा विवेक त्यांत अभिप्रेत आहे. नुसता रंग फासणें हा जीर्णोद्धार नव्हे. हाच विचार एका अगदीं निराळ्या वस्तूस लावून पाहण्याचा प्रसंग यंदा आम्हांवर आला आहे.

आमचा एक पुतण्या अमेरिकेंत ओहायो राज्यांत नोकरीस आहे. पतिपत्नी व दोन मुलें असा संसार. तिकडे मोटारीच्या मागें जोडून न्यावयाची, आंत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली खोलीवजा गाडी असते. तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. १९६० च्या सुमाराची अशी एक गाडी स्वस्तांत मिळत आहे. ती आंतून मोकळी करून पुन्हा उभी करावी, असा दोघांचा बेत आहे. आमचे बंधु विचारतात, ‘लोकांनीं टाकलेलें लांकूड विकत कशाला घ्यावयाचें?’ साठविलेल्या पैशास हात लागणार असल्यामुळें प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. दोन्ही पक्षांनीं आमचें मत मागितलें आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा घरांतून हे वाद होतच असतात. म्हणून तें येथेंच देतों.

या गाड्यांची परंपरा बरीच जुनी आहे. हॉली बोलस या ग्लायडर बांधणाऱ्या गृहस्थानें १९३४ सालीं विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमची ट्रेलर-गाडी केली. १९३६ सालीं वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’नें ‘क्लिपर’ काढली. तींत चौघांस निजतां येई व किंमत १,२०० डॉलर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान लहान कारखान्यांनीं लांकडी फासळ्यांवर पातळ पत्रा ठोकलेल्या स्वस्त गाड्याही पुष्कळ बनविल्या. पुतण्याची गाडी या दुसऱ्या जातीची आहे.

अशा गाडीचा खरा वैरी वय नव्हे, पाणी आहे. पत्र्यांचे सांधे, खिडक्यांच्या कडा, छपरावरील झरोका, दिव्यांचीं भोकें यांतील लांबी कालांतरानें वाळून तडकते. गाडी धांवतांना सर्वांगानें हालत असते, त्यामुळें हे सांधे घराच्या छपराहून लवकर सैल होतात. शिरलेलें पाणी भिंतीच्या पोटांत उतरतें. बाहेर पत्रा, आंत प्लायवुड, मध्यें उबेसाठीं कांचतंतूंचा थर. तेथें ना वारा, ना ऊन. आंतल्या बाजूस डाग दिसूं लागेपर्यंत मागचें लांकूड बहुधा भुसभुशीत झालेलें असतें. म्हणून विकत घेण्यापूर्वीं टोंचा घेऊन चारी कोपरे, खिडक्यांखालील जागा आणि मागील भिंतीलगतची जमीन दाबून पाहावी. मग गाडीखालीं शिरून पोलादी चौकट तपासावी. लांकूड बदलतां येतें. चौकटच गंजून पोखरली किंवा वांकली असेल, अथवा मालकीचा कागद नसेल, तर व्यवहार तेथेंच सोडावा.

आतां मोकळें करण्याविषयीं. ही गाडी कारखान्यांत आंतून बाहेर बांधीत असत: आधीं जमीन, मग फासळ्या, आंतील तक्ते व कपाटें, नंतर विजेच्या तारा, आणि सर्वांत शेवटीं बाहेरचा पत्रा. म्हणून नुसतें आंतून सामान काढून भागत नाहीं. कडेच्या पट्ट्या व खिडक्या काढून बाहेरचा पत्राही उतरवावा लागतो. त्यापूर्वीं गॅस व वीज तोडावी, प्रत्येक कोपऱ्याचें छायाचित्र घ्यावें, मापें लिहून ठेवावीं, स्क्रूंच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्या. कुजलेली फासळीही लगेच फेंकूं नये. वांकदार छपराचा तोच एक नमुना हातीं असतो. टेकू देऊन एकेक बाजू बदलावी. सर्व आधार एकदम काढले तर भिंती फांकतात व पत्रा पुन्हा जागीं बसत नाहीं. मुलें घरांत आहेत म्हणून आणखी एक सूचना. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशास १९७८ सालीं बंदी झाली. त्यापूर्वींचा रंग कोरडा घांसूं नये. जमिनीवरील जुन्या चौकोनांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. तपासणी होईपर्यंत ते फोडूं नयेत.

गाडी रिकामी झाली कीं मनसुबे सुरू होतात: ओटा मागें न्यावा, त्यावर दगड बसवावा, पलंग पुढें घ्यावा. परंतु जुन्या कारागिरांनीं केलेली मांडणी केवळ आवडीची नव्हती. ती आंसावर तोललेली होती. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकीं साधारणपणें शेंकडा १० ते १५ भाग जोडाच्या आंकड्यावर पडला पाहिजे. मागील भार वाढला तर वेगांत ट्रेलर शेंपटासारखा डोलूं लागतो, आणि पुढील मोटारीलाही उलथवूं शकतो. टांकींतील पाणीही मोजावें. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. काम संपल्यावर गाडी कांट्यावर तोलावी. ब्रेक, चाकांचीं बेअरिंगें व टायर यांचा खर्च पडद्यांच्या कापडाआधीं करावा.

शेवटीं एक परीक्षा. सांधे ब्यूटिलच्या पट्टीनें भरून पत्रा बसविल्यावर दारें-खिडक्या लावून घ्याव्या, झरोक्यावर पंखा ठेवून आंत हवा दाबावी, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. जेथें बुडबुडे येतील तेथें गळती आहे. हें काम मुलांस सांगावें. त्यांची नजर अशा कामीं बापापेक्षां चांगली असते.

आमचा अभिप्राय असा. बंधूंची शंका योग्य आहे. पण लांकूड टाकावयाचेंच आहे. विकत घ्यावयाची ती पोलादी चौकट आणि जुनी घडण. चौकट निर्दोष असेल तर गाडी घ्यावी. तिची किंमत ही खर्चाची सुरुवात समजावी. शिल्लक निम्म्याहून अधिक मोडूं नये. आणि एका उन्हाळ्यांत काम उरकण्याची घाई करूं नये. मधल्या काळांत ती उघड्यावर न ठेवतां छपराखालीं ठेवावी. चौकट सदोष निघाली, तर विकणारा रंग कितीही ताजा दाखवो, नमस्कार करून परत यावें.