पाणी दिसायचं बंद झालं, तिथून सगळं बदललं



परवा चुलत भाऊ आणि मी आमच्या जुन्या विहिरीत दोर सोडला. दोराच्या टोकाला दगड, दर फुटाला गाठ. कठड्यापासून पाण्यापर्यंत ३१ फूट भरलं. भाऊ म्हणाला, "दादा, लिहून ठेव तारखेसकट." एवढंच बोलला. पण आम्हा दोघांना त्या विहिरीवर एकत्र उभं राहायला सात वर्षं लागली. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

ही विहीर आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी मिळून खोदली. सातबाऱ्यावर इतर हक्कात आजही चार हिस्से आहेत. मोट होती तेव्हा पाळी ठरलेली असायची. बैल धावेवरून खाली जायचे, मोट थारोळ्यात रिकामी व्हायची. मोट हाकणाऱ्याला दिवसभर पाणी डोळ्यांनी दिसायचं. पाणी खाली गेलं की मोट अर्धी भरून यायची, मग बैल सोडायचे. उपसा कधी थांबवायचा हे कुणी शिकवावं लागत नव्हतं, विहीरच सांगायची. आणि चार घरांना पाळी लावायची म्हणजे भांडणं झाली तरी बोलावं लागायचं.

पुढं इंजिन आलं, मग विजेची मोटार आली. तरी पाणी दिसत होतं. सबमर्सिबल आली आणि दिसायचं बंद झालं. साडेसहा इंची भोकात कोण डोकावणार? लाइट रात्री येते, आपण घरी झोपलेलो, मोटार मोबाइलवरून चालू. मोटार हवा ओढायला लागली की कळतं पाणी संपलं. म्हणजे कळायच्या वेळेला उशीर झालेला असतो.

बोअरला शिव्या घालायला हे लिहीत नाहीये. बाहत्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतर खडक फोडणाऱ्या मशिनी आणि हातपंप यांनीच गावं जगवली. आणि हे हातपंपाचं ज्ञान सगळं परदेशातून आलेलं नाही. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरासाठी बनवलेले, इथं त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं. ते सारखे मोडायचे. ते मोडके पंप बघून जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्याच्यावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारच्या कामातून 'इंडिया मार्क २' तयार झाला. तो पुढं आफ्रिकेपर्यंत गेला. आपल्या कोरड्या भागाने जगाला दिलेली ही गोष्ट आपल्याच पोरांना माहीत नाही.

हातपंपावर बायका एकत्र जमायच्या, पंप बिघडला की सगळ्या गावाला कळायचं. शेतातल्या बोअरचं तसं नाही. माझा बोअर माझा. किती फुटावर पाणी लागलं, किती तास चालतो, हे शेजाऱ्याला सांगायचं नाही. जी माहिती पूर्वी विहिरीत डोकावून कुणालाही मिळायची, ती प्रत्येकाच्या खिशात गेली. गाडीवाला एका रात्रीत चारशे फूट मारून पैसे घेऊन निघून जातो. खडकाचे रंग, पाण्याचे थर, सगळं त्याने बघितलेलं असतं. आपल्याकडं फक्त बिल राहतं.

आता माझं सांगतो. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं पावसाने दगा दिला. मी सामाईक विहिरीपासून दीडशे फुटांवर ४२० फूट बोअर घेतला. दोन इंची पाणी लागलं, मी पेढे वाटले. महिना-दीड महिन्यात विहीर कोरडीठाक पडली आणि भावाची दोनशे मोसंबीची झाडं वाळली. त्याने बोलणं सोडलं. पुढच्या वर्षी माझाही बोअर बसला. मग ५६० आणि ६१० फूट, दोन्ही बोअर कोरडे. फुफाटा उडाला आणि कर्ज राहिलं.

विहीर माझ्या बोअरनेच आटली का? छातीठोकपणे ना मी सांगू शकतो, ना भाऊ. दुष्काळ होताच. आधीच्या चार वर्षांत मार्चमध्ये विहिरीत किती पाणी असायचं याची एक ओळ कुठं लिहिलेली असती, तर निदान अंदाज आला असता. नोंद नव्हती, म्हणून फक्त संशय राहिला. आणि संशयाने भावकी तुटते.

आपला खडक काळा बेसाल्ट. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. खोल गेलं म्हणजे जास्त पाणी मिळतं, असं नाही. खालच्या भेगांतलं पाणी एकदा उपसलं की भरायला लई वेळ लागतो. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली बोअर घेऊ नये, असं राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात आहे. कायदा २०१४ पासून लागू आहे. मला हे दोन बोअर फेल गेल्यावर कळलं. गाडीवाल्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

२०१६ चा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, धनेगावचं मांजरा धरण आटलेलं. त्याच महिन्यात आपल्या अंबाजोगाई तालुक्यात पहिला वॉटर कप सुरू झाला. वरूड, कोरेगाव आणि आपण, तीनच तालुके. ४५ दिवस श्रमदान. तिथं हायड्रोमार्कर हातात दिला. दोन काठ्या, पारदर्शक नळी, नळीत पाणी. एवढ्यावर समपातळी रेषा काढायला चौथी शिकलेली बाई शिकली. माझ्या दृष्टीने त्या वर्षाचं खरं तंत्रज्ञान ते होतं, कारण ते गावातच राहिलं.

पण आपण एक चूक केली. चर खोदले, बांध घातले, पाणी किती वाढलं हे मोजत राहिलो नाही. चार पावसाळे बरे झाले की पुन्हा ऊस. पाटपाण्यावर उसाला २००० ते २५०० मिमी पाणी लागतं, हरभरा साधारण ३०० मिमीच्या आसपास निघतो. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवतं, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. आपण दुसऱ्याचा ऊस बघून ठरवतो.

"मोजल्याने पाणी वाढतं का?" असं गावात विचारतात. नाही वाढत. पण ऑक्टोबरात पाणी किती आहे हे कळलं, तर कुठलं पीक घ्यायचं नाही हे कळतं. पुढचा फेल बोअर वाचला तरी पुष्कळ झालं.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी आणि भाऊ दोन गोष्टी मांडणार आहोत. एक, गावातल्या पाच विहिरींची पातळी महिन्यातून एकदा मोजून पंचायतीच्या भिंतीवर लिहायची. भूजल विभाग निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतो, आपल्याला बारा वेळा मोजायला कोण अडवतं? दोन, बोअरची वही. खोली, केसिंग, पाणी कुठं लागलं, फेल गेला का, सगळं त्यात लिहायचं. पहिली नोंद माझ्या तीन बोअरची, त्यातल्या दोन फेलसकट.

कृषी विद्यार्थी आणि भूजलवाल्या मित्रांनो, आकडे आम्ही आणतो, ते वाचायला तुम्ही शिकवा.

बाकी मंडळींनी आज एवढंच करा. दोर घ्या, गाठी मारा, विहिरीत सोडा. किती फूट भरलं ते गावाच्या नावासकट खाली लिहा. आमचं लिहिलंय: ३१.