पोते उलट मारत नाही, म्हणून जपून



मागच्या महिन्यात घाटाखालच्या एका गावी तुरीवरची अळी पाहायला गेलो होतो. घरधनी एकटेच पाठीवर पंप घेऊन फवारत होते. एरवी हाताशी असणारा त्यांचा मुलगा बांधावर बसलेला, उजवे मनगट सुजलेले. मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, बॉक्सिंगचं खूळ घेतलं पोट्ट्यानं. गोठ्यात पोतं टांगलं अन् रोज त्याले मारते. आता पंपाचा दांडाबी हालत नाही त्याच्यानं. तुमीच समजवा."

गोठ्यात जाऊन पाहिले. युरियाचे रिकामे पोते वाळूने गच्च भरून टांगलेले. वाळू खाली बसून दगडासारखी झालेली. मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण अकोल्याला बी.एस्सी. करीत असताना हाच वेडेपणा मी केला होता. कोणाला न विचारता, रिकाम्या हाताने, अंगातला सगळा जोर लावून. माझे मनगट अजूनही थंडीत ठणकते. तेव्हा आज पिकाऐवजी या पोत्याविषयी लिहितो.

खूळ म्हणून हे उडवून लावू नका. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने ५२ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. म्हणजे वाट आहे. पण ती सुजलेल्या मनगटावरून जात नाही.

प्रथम पोते. गोणपाटाची दोन पोती एकात एक घालावीत. आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या, शिंप्याकडची कात्रणे दाबून भरावीत. वाळू भरू नये. वजन मुलाच्या वजनाच्या साधारण निम्मे असावे. खताचे पोते वापरू नका, ते चामडी सोलते आणि राहिलेले कण जखमेत झोंबतात. पोत्याचा मधला भाग मारणाऱ्याच्या छातीच्या उंचीला यावा. टांगायला मजबूत मयाल किंवा झाडाची जाड फांदी पाहावी, टिनाच्या शेडचा हलका अँगल नको. दोर गाठीपाशी झिजतो, तो दर आठवड्याला तपासावा.

दुसरे, हात. जुन्या धोतराची तीन बोटे रुंद, दहा हात लांब पट्टी काढून मनगट, अंगठा आणि बोटांच्या मुळाशी गुंडाळावी. बोटे बधिर होतील इतकी आवळू नये. वरून हातमोजे हवेतच. एवढा खर्च मात्र टाळू नका, दवाखान्याचा त्याहून जास्त होतो. मूठ वळताना अंगठा बाहेर, बोटांवर आडवा ठेवावा. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या गाठींवर बसावा. त्या क्षणी मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत हवा. मनगट वाकले की मार पोत्याला नाही, आपल्यालाच बसतो. त्या मुलाचे हेच झाले होते.

तिसरे, उभे राहणे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा पाय पुढे, उजवा मागे, उजवी टाच किंचित उचललेली, गुडघे थोडे सैल ठेवावेत. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाजवळ. पाटीभर शेणखत फेकताना आपण नुसत्या हाताने फेकत नाही, कमरेचा झोक देतो. ठोशाचेही तसेच आहे. मागची टाच वळते, मग कंबर, मग खांदा, शेवटी मूठ. श्वास ठोशाबरोबर बाहेर सोडावा.

ठोसा बरोबर बसला की नाही, ते पोतेच सांगते. पोते लांब झोके घेऊ लागले तर तुम्ही मारले नाही, ढकलले. बरोबर ठोशाला पोते जागच्या जागी थरारते आणि आवाज कोरडा येतो. मूठ लागली की आल्या वाटेने तशीच गालाशी परत आली पाहिजे.

आणि इथेच खरा धोका आहे. पोते उलट मारत नाही. त्यामुळे हात खाली पडला, हनुवटी वर आली, तरी शिक्षा होत नाही आणि चूक अंगवळणी पडते. पेरणीत पहिले तास वाकडे गेले की पुढची सगळी त्याच्याच मागे जातात, तसे हे आहे. म्हणून पहिले दोन आठवडे निम्म्या जोरानेच मारावे. घरातल्या कोणाला बाजूला बसवावे आणि हात खाली आला की ओरडायला सांगावे.

स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मध्ये एक मिनिट विश्रांती. सुरुवातीला एकेक मिनिटाच्या तीनच फेऱ्या पुरेत. आधी दोरीवरच्या उड्या मारून अंग गरम करावे. पोत्यावर आठवड्यातून तीन दिवस बस्स. सूज आली तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि शिक्षक नसताना मुलांनी एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारण्याचा खेळ मुळीच करू नये. चुकवणे आणि अडवणे पोते शिकवीत नाही, ते शिक्षकाकडूनच शिकावे लागते. त्यासाठी बुलढाण्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. शालेय स्पर्धांत मुलामुलींसाठी हा खेळ आहे.

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. मनगट बरे झालेले, पोते नवे. धाकटी बहीण ओट्यावर बसून "हात! हात!" ओरडत होती, आणि भावाचा हात मुकाट्याने गालाशी जात होता. वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी मागं लागली, मलेबी शिकवा म्हणते. चालते का?"

मी सांगितले, २०१९ च्या त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्णपदक जिंकले होते, आणि ती मणिपूरच्या शेतमजुराची मुलगी. मुलीलाही पट्टी बांधून द्या.

ते काही बोलले नाहीत. पण निघताना पाहिले तर बाजेवर बसून जुने धोतर फाडीत होते.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.