दीड तासावरची कराची

मी शाळेत भाषा शिकवतो, गणित नाही. तरी अंतर, वेग आणि वेळ यांचे सूत्र मलाही येते. मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर. दिल्ली आपल्याला ११५० पडते. जेट विमानाला कराची दीड तासाची. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बोरिवलीहून अंधेरीच्या विमानतळावर पोचायलाही कधी कधी तेवढा वेळ लागतो! पण असे विमानच आज नाही. पीआयएचे होते, तेही बंद पडले. नकाशावरचा रस्ता आता दुबईवरून जातो: आधी १९०० किलोमीटर पश्चिमेला, मग १२०० किलोमीटर परत फिरून. तेही व्हिसा मिळाला तर.

हीच दोन शहरे १९३६ पर्यंत एका इलाख्यात होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. खेळण्यासारखे एका इंजिनाचे विमान ते. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते जुहू हेच उड्डाण पुन्हा केले. तोवर तीन युद्धे होऊन गेली होती. २०२१ ला त्याच तारखेला आरोही पंडित या तरुण मुलीने त्याच उड्डाणाची आठवण म्हणून विमान जुहूला उतरवले. निघाली मात्र भुजहून.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाची सख्खी बहीण कराचीत वारली. फाळणीच्या आधीपासून तिकडे कोकणी मुसलमान आहेत, त्यांतलेच सासर. खालाने मय्यत मोबाईलवर पाहिली. मध्येच नेटवर्क गेले. परत आले तेव्हा जनाजा उठला होता.

यावर लगेच २६/११ काढले जाईल. काढा. कसाब आणि त्याचे साथीदार कराचीहूनच आले, पण समुद्रातून, चोरून. त्यांनी ना व्हिसा मागितला ना तिकीट काढले. सीएसटीवर त्यांच्या गोळ्यांनी मुसलमानही मेले. पहलगामला २६ निरपराध मारले गेले. मारेकऱ्यांना आणि त्यांच्या पोशिंद्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात माझा कोणाशी वाद नाही. वाद पुढचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, आठवडाभरात आपण त्यांना केले, व्हिसेही गेले. यात बंदूकवाला कुठे अडला? अडली सत्तरीची खाला.

गंमत अशी की आम्हाला उठसूट ‘पाकिस्तानात जा’ सांगणारेच या बंदीवर टाळ्या वाजवतात. अहो, कसे जायचे तेवढे तरी सांगा! आम्ही इथलेच, इथेच राहणार. पण भेटून परत येणे हा गुन्हा नाही. आणि ‘सर, हा विषय नको, उगाच नाव होईल’ असे कुजबुजणाऱ्या आपल्या भाईलोकांनाही सांगतो: नात्यातल्या मय्यतीला जाऊ द्या म्हणायलाही घाबरायचे, तर मग बोलायचे कशावर?

मागणी मोठी नाही. सख्ख्या नात्याला आजारपण आणि मय्यतीसाठी तातडीचा व्हिसा, पाहिजे तितकी चौकशी करून. आणि आठवड्याला एक थेट विमान. दिल्ली आणि इस्लामाबाद, दोघांकडेही हीच मागणी आहे.