चिप बनली; तिच्यावर चालणार काय?

नवी प्रोसेसर चिप तयार झाली की तिचा फोटो छापून येतो. मखमली डबीत ठेवलेला नखाएवढा चौकोन, भोवती हसरे चेहरे आणि टाळ्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत इस्रोची ‘विक्रम ३२०१’ ही ३२ बिटची चिप पंतप्रधानांना देण्यात आली, तेव्हाही असा फोटो सर्वत्र झळकला. कौतुक रास्तच होते. पण रॉकेटमध्ये बसणाऱ्या चिपला जन्मभर ठरलेले एकच काम करायचे असते. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे ‘अ‍ॅडा’ या भाषेचा कंपायलर वगैरे, इस्रोने घरातच तयार केली आणि काम भागले.

टेबलावरच्या संगणकाचे तसे नसते. तिथे ब्राउझर हवा, प्रिंटर चालायला हवा, देवनागरी जोडाक्षरे न मोडता दिसायला हवीत, पीडीएफ उघडायला हवी, पासवर्ड सुरक्षित राहायला हवा. यांतले काहीही चिपसोबत डबीतून येत नाही. जगात आधीपासून असलेली हजारो सॉफ्टवेअर कोणीतरी एकेक करून त्या चिपवर आणून बसवावी लागतात. या कामाला ‘पोर्टिंग’ म्हणतात. ते वर्षानुवर्षे चालते, त्याचा फोटो निघत नाही आणि बहुधा म्हणूनच त्यासाठी पैसे ठेवावेत असे कोणाला सुचतही नाही. स्वदेशी प्रोसेसरच्या भारतीय चर्चेत हीच बाजू लंगडी आहे.

प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. त्या आज्ञांच्या यादीला आज्ञासंच म्हणतात. बहुतेक लॅपटॉपांत इंटेल किंवा एएमडीचा एक्स-८६ आज्ञासंच असतो, मोबाइलमध्ये आर्मचा. या दोघांचेही मालक आहेत. तिसरा आज्ञासंच म्हणजे ‘रिस्क-फाइव्ह’. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत त्याचा जन्म झाला. तो खुला आहे. त्याबरहुकूम चिप बनवायला कोणाची परवानगी लागत नाही की कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर याच आज्ञासंचावर उभे आहेत आणि केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला तोही त्यामुळेच.

आता, लिनक्स आणि त्यावरच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर खुला असतो. तो नव्या चिपसाठी पुन्हा कंपाइल केला, म्हणजे त्या चिपच्या आज्ञांत उतरवला, की झाले. असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात काय होते हे ‘डेबियन’च्या अनुभवावरून कळते.

डेबियन ही लिनक्सची सर्वांत जुन्या वितरणांपैकी एक. १९९३ साली इयन मरडॉक या तरुणाने ती सुरू केली आणि आजही जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. उबुंटूसकट अनेक वितरणे तिच्याच पायावर उभी आहेत. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीसुद्धा डेबियनवरच बेतलेली आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी तिची तेरावी आवृत्ती आली. तिच्यात ६९,८३० पॅकेजेस आहेत आणि रिस्क-फाइव्हला तिच्यात प्रथमच पूर्ण अधिकृत स्थान मिळाले. हे काम डेबियनच्या ओसरीवर, म्हणजे अनधिकृत पोर्टसाठी राखलेल्या जागेत, २०१८ मध्येच सुरू झाले होते. मुख्य घरात प्रवेश मिळाला जुलै २०२३ मध्ये. ओसरीवरून पाटापर्यंत पोहोचायला सात वर्षे लागली.

इतका वेळ लागण्याचे पहिले कारण कोंबडी आणि अंड्याचे आहे. सॉफ्टवेअर कंपाइल करायला कंपायलर लागतो. पण कंपायलर हेही सॉफ्टवेअरच. नव्या चिपवर तो आधी कोण कंपाइल करणार? म्हणून सुरुवातीला दुसऱ्याच संगणकावर बसून या चिपसाठीचा कंपायलर घडवावा लागतो. हा गुंता सुटला की पुढचे गुंते समोर येतात. एखाद्या साध्या पॅकेजला आपली माहितीपुस्तिका तयार करायला एक साधन हवे असते, त्या साधनाला चित्रे काढणारे दुसरे पॅकेज हवे असते आणि त्या दुसऱ्याला नेमके हे पहिलेच हवे असते. मग ‘पुस्तिका नंतर पाहू, आधी तुझा गाभा बांधून घेऊ’ असे म्हणत एखादी कडी तात्पुरती सोडायची, साखळी पुढे न्यायची आणि नंतर मागे येऊन ती कडी पुन्हा जोडायची.

त्यातही जुलै २०२३ मध्ये ओसरीवर तयार झालेला सगळा माल तसाच उचलून आत घेतला गेला नाही. पायाभूत अशी मोजकी पॅकेजेस घेतली आणि बाकी सगळे अधिकृत यंत्रांवर पुन्हा पहिल्यापासून बांधले. कोणत्या यंत्रावर, कोणाच्या देखरेखीखाली काय तयार झाले याचा हिशेब लागला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. ही यंत्रे तरी कोणती? प्रामुख्याने ‘हायफाइव्ह अनमॅच्ड’ नावाचे, चार मुख्य गाभ्यांचे आणि सोळा गिगाबाइट स्मृतीचे बोर्ड. एखादा ब्राउझर बांधायला घेतला की असे यंत्र तासन् तास त्यातच अडकून पडते आणि शेवटच्या टप्प्यावर चूक निघाली तर पुन्हा श्रीगणेशा.

खरा वेळ मात्र खातात त्या चुका. काही चुका हास्यास्पद असतात. शेकडो जुन्या पॅकेजांत ‘हे यंत्र कोणते?’ असे विचारणारी एक छोटी फाइल असते. ती रिस्क-फाइव्हच्या जन्माआधीची असली, तर हे नाव ऐकून ती सरळ हात वर करते. दुरुस्ती मिनिटभराची, पण ती शेकडो ठिकाणी करायची आणि प्रत्येक ठिकाणच्या मूळ लेखकाला पत्र पाठवून गळी उतरवायची. काही मूळ लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेले असतात.

काही चुका मात्र खोल असतात. सी या भाषेत एक अक्षर साठवण्यासाठी ‘कॅर’ नावाचा एक बाइटचा प्रकार असतो. त्यातली संख्या उणेही होऊ शकते की कायम शून्याच्या वरच राहते, हे भाषेच्या प्रमाणकाने ठरवूनच दिलेले नाही. ते ज्या त्या प्रणालीवर सोडले आहे. एक्स-८६ वर ती उणे होऊ शकते, रिस्क-फाइव्हवर होत नाही. आता समजा, एखादा प्रोग्राम फाइल वाचतो आहे. फाइल संपली की त्याला ‘उणे एक’ अशी खूण मिळते. निष्काळजी प्रोग्रामरने ती खूण ‘कॅर’मध्ये ठेवली. एक्स-८६ वर ती उणे एकच राहते आणि प्रोग्राम थांबतो. रिस्क-फाइव्हवर तीच खूण २५५ होऊन बसते, उणे एक कधी सापडतच नाही आणि प्रोग्राम संपलेली फाइल वाचतच राहतो.

दोष नव्या चिपचा, असे कोणी म्हणेल. तसे नाही. तोच प्रोग्राम एक्स-८६ वरही चुकीचाच होता. फाइलमध्ये मध्येच २५५ हा बाइट आला असता तर तिथे तो अर्ध्यावरच थांबला असता. एकाच प्रकारच्या यंत्रावर चालत राहिल्याने ती चूक खपून गेली, इतकेच. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यातला प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो. इंग्रजी अक्षरे सगळी १२७ च्या आतली. म्हणजे एक्स-८६ वरच्या ‘कॅर’मध्ये इंग्रजी मजकूर कधीच उणे होत नाही आणि मराठी मजकुराचा बाइटन् बाइट उणे होतो. ‘अक्षर म्हणजे इंग्रजी’ असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम मराठी दिसताच का अडखळत, याचे हे एक कारण. अशी गृहीतके वेगळ्या चिपवर नेल्याशिवाय किंवा वेगळ्या लिपीत टाकल्याशिवाय उघडी पडत नाहीत. पोर्टिंग करणारा माणूस स्वतःच्या चिपचे काम करता करता बाकी सगळ्यांचे घरही झाडून देतो, तो असा.

याला दुसरी बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक जादा चिप म्हणजे प्रत्येक पॅकेजच्या सांभाळकर्त्यावर जादा ओझे. म्हणून डेबियनमध्ये एकदा जागा मिळाली की ती कायमची, असे नसते. दर आवृत्तीपूर्वी विचारले जाते की या आज्ञासंचासाठी माणसे आहेत का, यंत्रे चालू आहेत का, किती पॅकेजेस बांधली जाताहेत. तेराव्या आवृत्तीतून मिप्स बाहेर पडले. आणि ज्या ३८६ वर्गातल्या इंटेल चिपसाठी १९९१ साली लिनक्स लिहिले गेले, त्या वर्गासाठीही आता स्वतंत्र कर्नल आणि इन्स्टॉलर मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर डेबियनची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘एपीटी’ या साधनात पुढील वर्षी मे महिन्यानंतर रस्ट ही भाषा अनिवार्य करण्याचा मनोदय जाहीर झाला. ज्या जुन्या चिपांसाठी रस्टचा कंपायलर नाही, त्यांनी तो आणावा किंवा निरोप घ्यावा, असा त्याचा अर्थ. ओसरीवरच्या अल्फासारख्या जुन्या यंत्रांचे शौकीन यावर संतापले. भाषा कडवट होती, पण निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. मूठभर जुन्या यंत्रांसाठी लाखो संगणकांची सुरक्षा अडवून ठेवता येणार नाही. ज्यांना ती यंत्रे प्यारी आहेत, त्यांनी त्यांचे काम अंगावर घ्यावे.

नेमकी हीच गोष्ट भारतीय चिपांनाही लागू पडते, आणि इथे चीनकडे पाहायला हवे. लूंगसन या चिनी कंपनीने २०२१ साली ‘लूंगआर्च’ हा स्वतःचा नवा आज्ञासंच जाहीर केला. पुढच्याच वर्षी तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आणि जीसीसी या मूळ कंपायलरमध्ये दाखल झाला होता. ते जादूने झाले नाही. कंपनीचे अभियंते मूळ प्रकल्पांच्या दारात महिनोन् महिने उभे होते, टीका ऐकत होते, दुरुस्त्या करून पुन्हा येत होते. रिस्क-फाइव्हवर वेगवेगळी लिनक्स वितरणे आणण्याच्या कामातही चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतली मंडळी मोठ्या प्रमाणावर गुंतलेली आहेत. पगार घेऊन, हेच काम म्हणून.

भारताने निवडलेला आज्ञासंच खुला आणि सामाईक असल्याने इथले काम तुलनेने सोपे आहे. पायाभूत पोर्ट इतरांनी करून ठेवलेच आहे. उरते ते आपल्या चिपच्या खास भागांसाठीचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये पोहोचवणे आणि ते तिथे टिकवणे. नेमका इथेच शॉर्टकटचा मोह होतो. बाजारातल्या कितीतरी बोर्डांची गत अशी की त्यांच्यासोबत कंपनीने ठिगळे लावलेला एक जुना कर्नल मिळतो, तो जेमतेम चालतो आणि दोन वर्षांनी त्याची सुरक्षा-दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही. स्वदेशी चिपवर स्वदेशी ठिगळांची स्वतंत्र प्रणाली चढवून फीत कापणे शक्य आहे. पण अशी प्रणाली तहसील कार्यालयात किंवा रुग्णालयाच्या नोंदणी-खिडकीवर दहा वर्षे कशी टिकणार?

मूळ प्रकल्पांत माणसे असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे निर्णय कळतात, आणि प्रसंगी वळवता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटूच्या २५.१० आवृत्तीने रिस्क-फाइव्हसाठी ‘आरव्हीए-२३’ ही वरची पात्रता सक्तीची केली. तिच्यात एकाच आज्ञेने अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टर आज्ञा अनिवार्य आहेत. परिणामी, तेव्हा लोकांच्या हातात असलेले जवळपास सगळे बोर्ड एका फटक्यात बाहेर गेले. वेगाच्या दृष्टीने त्या निर्णयाला तर्क आहे. डेबियनने मात्र जुनीच, खालची पात्रता कायम ठेवली. आज आराखड्यावर असलेली भारतीय चिप तीन वर्षांनी बाजारात येईल, तेव्हा तिने कोणती पात्रता गाठलेली असावी, याचे उत्तर या चर्चांत बसल्याशिवाय मिळणार नाही.

चिप-कार्यक्रमाच्या मानाने यासाठी लागणारा पैसा अगदी किरकोळ आहे. काही पूर्णवेळ अभियंते, मूळ प्रकल्पांना भारतीय बोर्डांची बांधणी-यंत्रे आणि हे काम संशोधन-निबंधाइतकेच बढतीत धरले जाईल अशी व्यवस्था. माणसांची वाण नाही. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीत भरली, ती इथल्याच स्वयंसेवकांच्या बळावर. आणि महाराष्ट्रातली अभियांत्रिकी महाविद्यालये शेवटच्या वर्षाला दरसाल तेच ते ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’चे प्रकल्प बाइंडिंग करून कपाटात ठेवतातच. त्याऐवजी चौघांच्या गटाने रिस्क-फाइव्हवर न बांधले जाणारे एक पॅकेज घ्यावे, कारण शोधावे, दुरुस्ती मूळ लेखकाकडून मान्य करून घ्यावी. बोर्ड नसला तरी अडत नाही. ‘क्यूईएमयू’ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर रिस्क-फाइव्हचे यंत्र उभे करते, संथ का होईना. न बांधल्या गेलेल्या पॅकेजांची यादी डेबियन रोज उघडपणे जाहीर करतेच.