बदलीचं बिऱ्हाड : किती आपण करायचं, किती दुसऱ्यावर सोपवायचं?

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण म्हणतो. फौजी माणसाचं बिऱ्हाड मात्र त्याच्या पाठीवर नसतं, बहुतेक वेळा ते त्याच्या बायकोच्या पाठीवर असतं. हे वाचून काही माजी सैनिक वाचक नाराज होतील याची मला कल्पना आहे. तरीही लिहिते, कारण आजचा विषय तोच आहे.

रायगड जिल्हा म्हटला की लोकांना अलिबागचा समुद्र आणि मुरूडचा जंजिरा आठवतो. पण याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. गावाच्या नावातच फौज! उरणजवळ करंजाला नौदलाचं ठाणं आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतूनही मुलं सैन्यात आणि नौदलात जातात. मी मुरूड तालुक्यात तीसेक वर्षं शिकवलं. दर जूनला वर्गात एखादं नवं पोर यायचं, हिंदीत विचार करणारं आणि मराठीत अडखळणारं. चौकशी केली की कळायचं, वडिलांची बदली 'फील्ड'ला झाली, म्हणून आई मुलांना घेऊन गावी आली. पुढे आमची लेकही फौजी घरात गेली. जावई आता हवालदार आहेत. सतरा वर्षांत त्यांचं घर सहा वेळा हललं. त्यामुळे हा प्रश्न मी आधी बाकावर बसलेल्या मुलांमध्ये पाहिला आणि मग स्वतःच्या घरात.

बदलीचा हुकूम आला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सामान आपणच बांधायचं, ट्रक आपणच ठरवायचा, युनिटमधली चार पोरं बोलावून चढवायचं? की पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला सगळं सोपवून मोकळं व्हायचं? नव्वद टक्के घरांत याचं उत्तर पाकीट देतं. जे स्वस्त ते खरं. माझं म्हणणं असं की हा हिशोब अपुरा आहे.

आधी पैशाचंच पाहू. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ साली, बदलीच्या भत्त्याचे नवे दर आले. शिपायापासून नायकापर्यंत १५०० किलो सामान नेता येतं आणि रस्त्याने नेल्यास किलोमीटरला तेव्हा १५ रुपये ठरले. हवालदाराला ३००० किलो आणि २५ रुपये. नायब सुभेदार आणि त्यावरच्यांना ६००० किलो आणि ५० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढवायचे, अशी तरतूद त्यातच आहे. मूळ दराने दीड हजार किलोमीटरसाठी नायकाची मर्यादा झाली २२,५०० आणि हवालदाराची ३७,५००. लक्षात घ्या, ही मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तर तेवढाच मिळतो, आणि तोही पावती दाखवून. याशिवाय शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के रक्कम एकरकमी मिळते. तिला पावत्या लागत नाहीत. खोकी, सुतळी, नवीन जागेतले नळ-पंखे, पहिल्या आठवड्याचं बाहेरचं जेवण, या सगळ्यासाठीच ती असते.

मग घरी राबून वाचवलेले पैसे जातात कुठे? वाहतुकीत वाचवलेला पैसा बहुतांशी सरकारचाच वाचतो! मर्यादेच्या आत बसणारं काम हमालाला दिलं काय आणि स्वतः केलं काय, आपल्या खिशाला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मर्यादेवर जाणाऱ्या खर्चाचा, आणि तेवढाच हिशोब करायचा असतो. हे साधं गणित कितीतरी घरांत कुणी मांडूनच पाहत नाही.

(इथे एक कानमंत्र. न हलवलेल्या सामानाचं बिल करून देतो म्हणणारे दलालही भेटतात. त्यांना दारात उभं करू नये. वर्दीची अब्रू दोन-पाच हजारांपेक्षा फार मोठी आहे.)

आता दुसरा हिशोब, दिवसांचा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक. ऐकायला भरपूर वाटते. पण त्यातच गणपती, त्यातच बहिणीचं लग्न, त्यातच वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि त्यातच भातलावणी. उरलेले दिवस मुलांचे. फौजी घरात सगळ्यांत तुटपुंजी गोष्ट कोणती असेल तर ती पैसा नव्हे, दिवस. आणि आपण तेच सगळ्यांत सढळ हाताने उधळतो.

काही वर्षांपूर्वी जावयांची बदली झाशीहून काश्मीरकडे झाली. तिकडे कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून लेक दोन मुलांना घेऊन सासरी परतणार होती. सासर आमच्याच तालुक्यात. जावयांना दहा दिवस मिळाले होते. पैसे वाचवायचे म्हणून त्यांनी सगळं स्वतः करायचं ठरवलं. झाशीला चार दिवस बांधाबांध झाली. ट्रक आला तो जूनच्या अखेरीस, धो धो पावसात. वाडीत ट्रक उतरत नाही, पाखाडीने खाली जावं लागतं. रस्त्यापासून घरापर्यंत काळ्या ट्रंका, लाकडी खोकी, कपाट, सगळं ताडपत्री धरून माणसांनी वाहिलं. शेजारी धावून आले म्हणून निभावलं. मग लावालाव, भिजलेल्या गाद्या वाळवणं, सुतार शोधणं. धाकटा नातू रोज विचारायचा, "बाबा, समुद्रावर कधी जायचं?" नवव्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास गेले. दहाव्या दिवशी जावई निघाले.

जाताना मला म्हणाले, "आई, आठेक हजार वाचले बघा." मी मान हलवली. ते गेल्यावर लेक म्हणाली, "पैसे वाचले गं आई, पण दिवस गेले." पुढचे अकरा महिने त्यांची भेट नव्हती.

यात मी जावयांना दोष देत नाही. काटकसरीत वाढलेल्या माणसाला हाताने काम करण्याचा अभिमान असतो, आणि तो चांगलाच आहे. कोकणी माणूस तर हमालाला पैसे देणं म्हणजे आपला पराभवच समजतो. पण अभिमान कुठल्या कामात ठेवायचा हेही ठरवायला हवं. कपाट उचलण्यात काही मोठेपणा नाही, ते कुणीही उचलू शकतो.

तेव्हा माझी कसोटी अशी : जे काम दुसरा कुणीही करू शकतो ते दुसऱ्याला द्यावं. जे आपल्यावाचून कुणी करूच शकत नाही तेवढंच आपल्याकडे ठेवावं, आणि ते मात्र पूर्ण जीव लावून करावं.

दुसऱ्याला द्यायचं ते अवजड सामान : फ्रिज, कपाट, पलंग, शिलाई मशीन, भांड्यांची खोकी. देताना डोळे उघडे हवेत. आमच्याकडेच एका बदलीत ट्रकवाल्याने अर्ध्या वाटेत गाडी उभी करून ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले होते. अशा वेळी उपयोगी पडतो तो आधी केलेला कागद. सामानाची यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ठरलेली रक्कम शब्दांत लिहून घ्यावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत. विमा आहे का ते विचारावं, आणि प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा. फौजी ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असतं ते काही शोभेसाठी नाही. काम सोपवलं तरी जबाबदारी सोपवली जात नाही. यादी करणं हे आपलंच काम.

मोटारसायकल रेल्वेने पाठवायची तर आमच्याकडचे लोक पनवेलला जातात. पेट्रोल पूर्ण काढून, गोणपाट गुंडाळून, आरसीची प्रत जोडून ती द्यावी लागते. गाडीच्या कागदांचा त्रास मात्र आता पुष्कळ कमी झाला आहे. पूर्वी राज्य बदललं की जुन्या आरटीओचं ना-हरकत, नव्या राज्यात पुन्हा कर आणि जुन्या राज्याकडून परताव्यासाठी खेटे. सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा नंबर मिळू लागला. सैन्यातल्या माणसाला तो घेता येतो, आणि मग प्रत्येक राज्यात नवी नोंदणी लागत नाही. नवीन गाडी घेणाऱ्याने हा विचार जरूर करावा.

काही सामान नेऊच नये. १५०० किलो नेता येतं म्हणजे १५०० किलो न्यायलाच हवं असं नाही! जुना सोफा, डगमगता डायनिंग टेबल तिथेच कुणाला तरी द्यावा. शिवाय कोरड्या हवेत वापरलेलं प्लायवूडचं फर्निचर आमच्या पावसाळ्यात महिन्याभरात फुगतं आणि चामड्याच्या बुटांवर बुरशी धरते.

आता आपल्याकडे ठेवायचं ते. पहिलं म्हणजे कागदपत्रं. बदलीच्या हुकमाची प्रत, ओळखपत्रं, कँटीन कार्ड, बँकेची पुस्तकं, लसीकरणाची कार्डं, गॅस कनेक्शन बंद केल्याचा कागद. हे ट्रकमध्ये कधीही जाऊ नये, हातातल्या पिशवीतच असावं. घरी पोचल्यावर त्याची जागा पत्र्याची ट्रंक. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाडीतल्या कितीतरी घरांची कौलं उडाली. ज्यांचे कागद ट्रंकेत होते ते वाचले, ज्यांचे भिंतीवरच्या फडताळात होते त्यांचा लगदा झाला. दुसरं, औषधं आणि दागिने. तिसरं, देव. कुणी हसेल, पण नव्या क्वार्टरमध्ये पहिला दिवा लागला की ते घर वाटतं. देव ट्रकने येत नाहीत.

आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं, मुलांची शाळा. इथे शिक्षिका म्हणून मी जरा अधिकाराने बोलेन. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून घाबरून जाऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, पहिली ते आठवीच्या मुलाला केवळ दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही. केंद्रीय विद्यालयं तर १९६३ साली अशा बदलीच्या मुलांसाठीच सुरू झाली. पहिल्या वीस शाळा या पलटणींच्याच शाळा होत्या. तेव्हा कागद मागाहून येईल. पण जुन्या वर्गशिक्षकांचा निरोप घ्यायला मुलाबरोबर आईवडिलांनी जावं. त्याला मित्रांचे पत्ते लिहून घेऊ द्यावेत. आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी शिक्षकांना दहा मिनिटं भेटून सांगावं की याला गणित येतं, मराठी लिहिता येत नाही, आणि याचे वडील सध्या लांब आहेत. माझ्या वर्गात ज्या मुलांचे आईवडील असं सांगून गेले ती मुलं दिवाळीपर्यंत रुळायची. ज्यांना नुसतं रिक्षातून पाठवलं ती वर्ष संपेपर्यंत शेवटच्या बाकावर गप्प असायची. हे काम जगातला कुठलाही पॅकर करून देणार नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेनेही आपल्या सैनिकांचं सामान हलवण्याचं काम एका मोठ्या कंत्राटदाराकडे सोपवायचं ठरवलं होतं. २०२१ मध्ये कंत्राट दिलं, तक्रारी वाढल्या आणि जून २०२५ मध्ये ते रद्द करावं लागलं. त्याच उन्हाळ्यात, स्वतः सामान हलवणाऱ्या सैनिकांना सरकारला आला असता त्या खर्चाच्या १३० टक्के रक्कम देऊ केली. म्हणजे तिथेही झोका कधी इकडे, कधी तिकडे. सगळं दुसऱ्यावर टाकून चालत नाही आणि सगळं स्वतः ओढूनही चालत नाही.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हे ठरवायचं कुणी? हुकूम नवऱ्याच्या नावाने येतो, भत्ता त्याच्या खात्यात येतो, म्हणून निर्णयही तोच घेतो. पण बदलीच्या दिवसांत तो कार्यालयातला चार्ज देण्यात गुंतलेला असतो. कित्येकदा तर तो आधीच पुढे गेलेला असतो. भांडी कागदात गुंडाळणारी, मुलांना सांभाळत दूधवाल्याचा हिशोब मिटवणारी, तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन खोक्यांवर बसून राहणारी बाई वेगळीच असते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : जो उचलणार, त्याने ठरवावं. नवऱ्याने हुकूम हातात आल्याच्या संध्याकाळी एवढंच विचारावं, "तुझ्याने यातलं किती होईल?" आणि ती सांगेल त्याला पैशाचं कारण काढून फाटे फोडू नयेत.

ज्यांचा पगार खरोखर पुरत नाही त्यांना हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, हे मला कळतं. शिपायाच्या घरात पाच हजार म्हणजे पाच हजारच. त्यांनी सगळं नाही तर निदान चढवण्या-उतरवण्याचं तरी हमालांना द्यावं. तेवढ्यानेही दोन दिवस सुटतात.

जावयांची गेल्या वर्षी पुन्हा बदली झाली, या वेळी कुटुंब नेता येईल अशा ठिकाणी. लेकीने आधीच वहीत दोन रकाने आखले होते : 'आपण' आणि 'ते'. 'आपण'च्या रकान्यात चारच ओळी होत्या. बाकी सगळं ट्रकवाल्याकडे. त्यांना पदरचे थोडे पैसे घालावे लागले, पण निघण्यापूर्वी चार दिवस चौघंही आमच्याकडे येऊन राहिली. आठ हजारांत असे चार दिवस कुणी विकत देत असेल तर फौजी माणसाने ते डोळे मिटून घ्यावेत, असं मला वाटतं. तुमच्या घरचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा.