मेणचित्र आणि हवेचें निमित्त

एखादी कला शिकण्याचे श्रम टाळावयाचे असले म्हणजे हवेस दोष देण्याची आमच्याकडे सोय आहे. मेणचित्राविषयीं हेंच घडतें. ‘उष्ण देशांत मेण टिकणार नाहीं,’ असें सांगून कलाशिक्षक विषय तेथेंच मिटवितात. परंतु मधमाश्यांचें मेण वितळावयास सुमारें ६२ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. अंबरनाथचा वैशाख चाळिशीच्या आसपास थांबतो. शिवाय जुन्या मेणचित्रांचा सर्वांत प्रसिद्ध समूह इजिप्तच्या फायूम भागांतला! इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतील तीं मुखचित्रें कोरड्या वाळूंत जपलीं गेलीं, हें खरें; पण रंगविलीं गेलीं तीं त्याच उष्ण देशांत. थेट ऊन मेणचित्रास बाधतें, हेंही मान्य. तें जलरंगास तरी कोठें मानवतें?

दुसरा पक्ष अभिमान्यांचा. मेणचित्र हें मूळचें आमचेंच, असें ते ठोकून देतात. सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाच्या, बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासा’त मेण येतें तें मूर्तींच्या ओतकामासाठीं, चित्रासाठीं तेथें म्हशीचें कातडें शिजवून केलेला वज्रलेप सांगितला आहे. पूर्वजांचा गौरव करणारांनीं निदान त्यांचे ग्रंथ उघडावे.

या दोघांच्या वादांत मूळ गुण दृष्टीआड होतो. मेणांत राळ व रंग मिसळून तें गरम असतांनाच फळीवर लावितात आणि प्रत्येक नवा थर पुन्हां आंच देऊन खालच्या थराशीं एकजीव करितात. प्रकाश त्या अर्धपारदर्शक थरांत शिरतो, खालच्या रंगास भेटून परततो. चित्राची खोली ती हीच. नुसता थर चढविल्यानें ती येत नाहीं. १९२० ते १९२२ या काळांत अजिंठ्याचीं चित्रें राखण्याच्या सद्धेतूनें इटालियन तज्ज्ञांनीं त्यांवर चपड्याचें रोगण दिलें. पुढें तें पिवळें पडलें आणि खालचे रंगच झांकले गेले.

अंबरनाथांत विमकोच्या कारखान्यानें अनेक दशकें आगकाड्या घडविल्या. पॅराफिनचें मेण पाजल्यावांचून काडी ज्योत नीट धरीत नाहीं. त्या गांवास मेण आणि आंच यांचें नातें परकें कां वाटावें? कलाशाळांनीं विद्यार्थ्यास मेण, शेगडी व एक फळी द्यावी. चित्र बिघडलें तर तें त्याच्या हातून बिघडूं द्यावें. वैशाखाच्या नांवानें आधींच पुसून टाकूं नये.